थोरल्या महाराजांची पंगत

फार पूर्वी हेमावती नगरीवर भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने तिथल्या अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुयाम. भद्रसेनाच्या वडिलांचा कारभार त्यानेच पाहिला होता आणि आता म्हातारपणी मुलाचाही पाहत होता.

राजा भला होता, नको तितका भला. 'नाही' म्हणणे त्याच्या अगदी जिवावर येई, आणि हे सगळ्यांना पक्के ठाऊक! सकाळी सेनापती एकटाच येऊन हत्तींसाठी धान्य मागे. राजा म्हणे, "घेऊन जा." दुपारी पुरोहित यज्ञासाठी मागे. त्यालाही, "घेऊन जा." एकेकाची मागणी वेगळी पाहिली तर केवढीशी दिसे. राजा मातीच्या चकतीवर मुद्रा उठवून देई, ती दाखवली की कोठारातून पोती बाहेर निघत. कोठारात आहे किती आणि चकत्या गेल्या किती, हे एकत्र कुणी पाहतच नसे. कमी पडले की पुढच्या सुगीच्या भरवशावर बियाण्यात हात घालायचा. चार वर्षे हेच चालले होते.

राजाला मात्र सारखी वडिलांच्या काळाची आठवण येई. सुगीनंतर अंगणात बसणारी ती पंगत, नव्या तांदळाचा वास, हसणे-खिदळणे!

"काय दिवस होते ते, अमात्य," तो म्हणे. "कोठार कसे गच्च भरलेले असायचे. कुठे गेले हो ते सगळे?"

त्या वर्षी वडिलांच्या स्मरणार्थ सरोवराकाठी दगडी मंडप बांधावा असे त्याच्या मनाने घेतले. पाथरवटांना वर्षभर पोसायला तीनशे पोती लागणार होती. त्याने चकती तयार केली, तेव्हा सुयामाने हात जोडले.

"महाराज, कोठारात आता तीनशेच पोती उरली आहेत, आणि ती गावांच्या बियाण्याची आहेत. पेरणी पंधरा दिवसांवर आलीय."

"मग इतरांना देत होतो तेव्हा का नाही बोललात?" राजा उसळला.

"दर वेळी बोललो, महाराज. आपण म्हणालात, एवढ्याने काय होतेय."

राजा ओशाळला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "मंडप होऊ द्या ना. नदीकाठचे एक गाव तुमच्या नावे करून देतो."

"गाव नको मला. एक दिवस द्या. थोरल्या महाराजांची पंगत पुन्हा बसवतो."

पंगत म्हणताच राजाची कळी खुलली. तो लगेच हो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो हौसेने अंगणात आला, तर पाने मांडलेलीच नव्हती. मध्ये तीनशे पोती रचलेली, आणि भोवती पाटांवर सेनापती, पुरोहित आणि गावोगावची माणसे समोरासमोर बसलेली.

"ही कसली पंगत?"

"हीच ती, महाराज. जेवण नंतर असायचे. आपण लहान होतात, जेवणापुरतेच यायचात. आधी इथे मागण्या होत. असेल तेवढे धान्य मध्ये ठेवायचे, बियाणे बाजूला काढायचे, आणि उरल्यात सगळ्यांनी भागवायचे. जास्त हवे असेल त्याने कुणाचे कमी करायचे ते बोट दाखवून सांगायचे. थोरले महाराजही इथेच बसत, शेवटच्या पाटावर."

राजा त्या पाटावर बसला. सेनापतीने इकडेतिकडे पाहिले, खाकरला आणि म्हणाला, "हत्ती यंदा चाऱ्यावर राहतील." पुरोहितालाही एकदम आठवले, की यज्ञ लहानही करता येतो.

"महाराज, आपल्याला तीनशे पोती हवीत," सुयाम म्हणाला. "कुणाची घ्यायची?"

राजाच्या शेजारी सोणा नावाची म्हातारी बसली होती. आपल्या गावाचे बियाणे न्यायला ती दोन दिवस चालत आली होती. राजाने हळूच विचारले, "आजी, तुमच्या गावाला किती लागते?"

"अकरा पोती, महाराज. मागच्या साली सहाच मिळाली. निम्मं रान पडीक राहिलं, म्हणून सुनेला नातवंडांसकट माहेरी धाडली. पेरा झाला की आणीन म्हटलंय तिला."

राजाचे बोट उचललेच गेले नाही. त्याला एकाएकी आठवले, की पंगतीत वडील त्याला दूधभात भरवीत आणि स्वतः पेज पीत. बाबांना पेजच आवडते, असेच त्याला इतकी वर्षे वाटत आले होते! त्याला भरून आले आणि सगळ्यांदेखत तो रडला.

"सोणाआजींची अकरा आधी द्या," तो म्हणाला. "मंडप राहू दे."

पुढे पंगतीबाहेर कुणाला चकती मिळाली नाही. सरोवराचा काठ मोकळाच राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका भिक्खूला सांगितली. मागेल त्याला तो संघाची चीवरे, म्हणजे भिक्खूंची अंगावरची वस्त्रे, देऊन टाकी, आणि थंडीत आजारी भिक्खू उघडे पडले होते. शास्ते म्हणाले, "भिक्खू, तेव्हाचा भद्रसेन तूच होतास. सोणा म्हणजे विहाराला रोज भिक्षा घालणारी ती वृद्ध उपासिका, आणि सुयाम मी होतो. तेव्हाही तुझे मन वाईट नव्हते, आजही नाही. पण तू देतोस ते कुणाच्या अंगावरचे, हे आधी पाहा; एकदा त्याच्याकडे बघून मगच देत जा. यालाच संयम म्हणतात."

तो भिक्खू उठला आणि आजाऱ्यांच्या खोलीकडे गेला.