पेवाच्या तोंडाशी

पूर्वी शूर्पारक नगरात सिंहकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या बंदरावर हमालांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव ध्रुवक. बापामागून तो हमालांचा नायक झाला. घरात त्याची म्हातारी आई रोहिणी आणि धाकटा भाऊ नागिल होते. आई धक्क्यावर सांडलेले भात झाडून गोळा करी, आणि घरी आल्यावर दोन्ही मुलांना एकच प्रश्न विचारी, "जेवलास का रे?" नुकता जेवून हात धुणाऱ्यालाही ती तो विचारी.

परदेशी जाणारे भात त्या काळी धक्क्यामागच्या टेकाडावर पेवांत साठवीत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेला मोठा रांजण. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढे, आणि आत चार पुरुष खोल पोट. बंद पेवात हवा कोंडते. धान्याला ओल लागली असेल तर ती हवा माणसाला चार श्वासांत आडवे करते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हमालांची एक जुनी चाल होती. सकाळी झाकण काढायचे, सुपांनी वारा घालायचा, आणि दुपारी सुतळीला दिवा बांधून धान्यापर्यंत सोडायचा. दिवा जळत राहिला तर कमरेला दोर बांधून उतरायचे. विझला तर पुन्हा सुपे हाती घ्यायची. याला ते 'दिव्याला विचारणे' म्हणत.

त्या वर्षी राजाने अश्वसेन नावाचा नवा बंदराध्यक्ष नेमला. माणूस हुशार होता, हे आधीच सांगितलेले बरे. मूर्खाच्या हातून होणारा घात लोक लवकर ओळखतात, हुशाराचा ओळखत नाहीत. पूर्वी प्रत्येक हमाल आपले पोते वखारीपासून गलबतापर्यंत वाहून नेई आणि रिकामा परत येई. अश्वसेनाने माणसांची हार लावली आणि पोती हातोहात पुढे सरकू लागली. आधी जाणारा माल धक्क्याजवळ, मागून जाणारा माल आत, अशी त्याने वखारींची मांडणी केली. शेवटच्या बंदरात उतरायचे ते गलबताच्या तळाशी, पहिल्या बंदरात उतरायचे ते वर. पाच दिवसांचे काम दोन दिवसांत होऊ लागले. बोधिसत्त्वाने त्याला मनापासून शाबासकी दिली, कारण हमालांच्या पाठी हलक्या झाल्या होत्या.

मग अश्वसेनाची नजर दिव्यावर गेली.

पावसाळ्यासाठी दर्या बंद व्हायला तीन दिवस उरले होते. बारा गलबते धक्क्याला लागली होती आणि नऊ पेवे उपसायची होती. "अर्धा दिवस तुम्ही सुपे हलवीत बसता," अश्वसेन म्हणाला. "या पेवांत माणूस मेलेला कोणी पाहिला आहे का?"

हमालांनी एकमेकांकडे पाहिले. कोणीच पाहिला नव्हता.

बोधिसत्त्व म्हणाला, "धनी, दिव्याला विचारतो म्हणून पाहिला नाही."

"विचारत नसता तरी पाहिला नसता," अश्वसेन हसून म्हणाला. हमालही हसले, आणि त्यांत नागिल सर्वांत मोठ्याने हसला. त्याला थोरल्या भावाचे जपून चालणे भित्रेपणाचे वाटे. बोधिसत्त्वाने चाल मोडायला नकार दिला, तेव्हा अश्वसेनाने त्याला धक्क्यावर पोती रचायला पाठवले आणि पेवांवर नागिलाला नायक केले. उतरायला शिडी आणि टोपल्यांना सुतळी पुरे, असे म्हणून टेकाडावरचे सगळे दोर गलबतांवर माल आवळायला नेले.

पहिल्या दिवशी तीन पेवे उपसली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. कोणाला शिंकसुद्धा आली नाही. हमाल येता जाता बोधिसत्त्वाला विचारू लागले, "काय नायक, दिवा काय म्हणतो?" तो पोती रचीत राही.

सातवे पेव मागच्या वर्षी अर्धेच उपसलेले होते. त्याचे झाकण पावसाळ्यात एका बाजूने खचले होते, आणि आत पाणी झिरपून भात कुजले होते. दिव्याने ते सांगितले असते. तिसऱ्या दिवशी सकाळी नागिलाने झाकण सरकवले आणि तो आत उतरला. वरच्यांनी टोपली सोडली, पण ती कोणी भरेना. हाका मारल्या, ओ येईना. त्याचा एक सोबती त्याला उचलायला उतरला. तोही वर आला नाही. दुसरा त्या दोघांना आणायला उतरला.

ओरडा ऐकून बोधिसत्त्व धक्क्यावरून धावत आला. पेवाच्या तोंडाशी तीस माणसे जमली होती आणि चौथा माणूस पाय आत सोडून बसला होता. बोधिसत्त्वाने त्याला काखेत धरून मागे फेकले. हातात भार उचलायचा बांबू घेऊन तो तोंडावर उभा राहिला.

"जो पुढे येईल त्याचे गुडघे फोडीन," तो म्हणाला. "दोन माणसे गलबतावर धावा आणि दोर आणा. बाकीच्यांनी सुपे घ्या. कोणीतरी दिवा लावा."

दिवा सोडला. दोन हातांवर तो विझला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच विझला. सुतळीला आकडा बांधून त्याने खाली टाकला. आकडा नागिलाच्या धोतरात अडकला, आणि ओढताच धोतर फाटून चिंधी तेवढी वर आली.

तेवढ्यात झाडणी हातात घेऊन रोहिणी आली. तिने पेवात कान दिला. खालून घोरल्यासारखा आवाज येत होता.

"घोरतोय तो," ती म्हणाली. "ध्रुवका, माझं लेकरू जिवंत आहे. बाजूला हो."

बोधिसत्त्वालाही तो आवाज ऐकू येत होता. आपल्या भावाचा आवाज त्याला कळणार नाही असे कसे होईल?

"आई, जो उतरेल तो तिथेच पडेल."

"मग मला उतरू दे. मी म्हातारी, पडले तर पडले."

"नाही."

"तुझ्या जागी तो असता, तर त्याने उडी घेतली असती."

"घेतली असती, आई," बोधिसत्त्व म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि बांबू हलत नव्हता.

हमालांनी त्याला दगड मारले. एक कपाळावर लागला. तो उभाच राहिला. खालचा आवाज आधी तुटक झाला, मग थांबला. दोर आला तो त्यानंतर. सुपे चालतच होती. दुपार कलल्यावर दिवा तळाशी जळत राहिला, तेव्हा बोधिसत्त्वाने स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि तिन्ही प्रेते एकेक करून वर आणली. नागिलाला त्याने शेवटी आणले.

अश्वसेनाने राजाला सांगितले की हमाल वाचवायला धावले होते, पण नायकाने त्यांना काठी उगारून अडवले. राजाने बोधिसत्त्वाला बोलावले.

"तू अडवलेस?"

"होय, महाराज."

"का?"

"दिवा विझत होता."

राजाला पेवांतले काही कळत नव्हते. हमालांना विचारले, तर प्रत्येक जण म्हणाला, "मला उतरू दिले असते तर मी आणले असते." ते खोटे बोलत नव्हते. त्या तिसांना खरेच तसे वाटत होते. बुडता बुडता वाचलेल्याला पाणी आठवते, पण ज्याला काठावरच अडवले त्याला काय आठवणार? राजाने बोधिसत्त्वाचे नायकपद काढून घेतले आणि आणखी काही म्हणायचे आहे का म्हणून विचारले. दुसरा कोणी असता तर अश्वसेनाचे नाव घेतले असते. तो म्हणाला, "दिव्याला विचारायची चाल परत द्या. सुतळी धरायचे काम मला द्या." राजाने ते दिले, कारण त्यात द्यावे लागण्यासारखे काही नव्हते.

पुढे त्या पेवांत कोणी मेले नाही. कोणी मरत नाही हे पाहून लोक म्हणू लागले की पेवांत धोका कधी नव्हताच, ध्रुवकाने भाऊ उगाच मारला. रोहिणी आणखी नऊ वर्षे जगली. ती रोज रांधी आणि त्याची पत्रावळ उंबऱ्याशी ठेवून पाठ फिरवी. "जेवलास का" असे तिने त्याला पुन्हा कधी विचारले नाही. मरतानाही विचारले नाही. तो रोज जेवून पत्रावळ टाकी आणि सुतळी घेऊन टेकाडावर जाई. त्याने मनात ना आईविषयी अढी धरली, ना त्या तिसांविषयी.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीच्या विहारात ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अश्वसेन आज इथेच मान खाली घालून बसला आहे, त्याचे नाव मी घेत नाही. नागिल म्हणजे आपल्या विहारात रोज संध्याकाळी दिवे लावणारा भिक्षू सुनेत्र. दगड मारणारे तीस जण तुमच्यांतच आहेत. सुतळी धरणारा ध्रुवक मी होतो. जे सत्य दाखवता येत नाही, त्यापायी आपल्याच माणसांचा राग आयुष्यभर सोसणे आणि त्यांच्यावर न रागावणे, ही क्षांतिपारमिता."

"आणि रोहिणी, भगवन्?" सुनेत्राने विचारले.

वेशीजवळ राहणारी एक म्हातारी रोज भिक्षेच्या वेळी शास्त्यांच्या पात्रात भात वाढी आणि घास तोंडात जाईपर्यंत हलत नसे. का, ते तिलाही सांगता येत नसे. त्या दिवशीही ती शेवटच्या ओळीत बसून ऐकत होती.  शास्ते तिच्याकडे पाहू लागले. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली, गर्दीतून वाट काढीत पुढे आली, आणि सर्वांदेखत तिने विचारले, "जेवलास का रे?"