वकिलाचा शेवटचा घास

तिसऱ्या दिवशीही पाहुण्याने पानात घास टाकला, तेव्हा चिंचगडचे हिराजीराजे पाटावरून ताडकन उठले.

“माझ्या पंगतीत अन्न टाकतो? माझ्या अन्नाला नावं ठेवतो?”

राजांच्या स्वतःच्या पानात कारल्याची भाजी रोज उरायची. पण ती धरायची नसते.

पाहुणा म्हणजे समुद्रापलीकडच्या राजाचा वकील, घोड्यांचा करार करायला आलेला. त्याला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. राजे ओरडले तसा तो हसला आणि त्याने छातीवर हात ठेवला. पाहुण्यावर राग काढता येईना, मग काय, वड्याचं तेल वांग्यावर!

“रंगभट! उद्या याचं पान लख्ख झालं पाहिजे. खा म्हणून विनवायचं नाही. एक शीत जरी उरलं, तर तू गडाखाली!”

रंगभट आचाऱ्याने काय कमी उपाय केले होते? काल भात निम्मा वाढला, पाहुण्याने त्यातला घास टाकला. आज एकच लाडू वाढला, तर बुंदीची एक कळी ठेवली! तीस वर्षं सांभाळलेली चूल सुटणार, म्हातारपणी जायचं कुठे? बिचारा डोळे पुसत बसला आणि धुरामुळे पाणी येतंय म्हणाला. चूल विझलेली होती.

त्याची लेक वेणू पंगतीत वाढायची. ती तडक दुभाष्याकडे गेली.

“काका, तुमचे वकील घास का टाकतात हो?”

“त्यांच्या देशात ताट रिकामं केलं, की यजमानाने उपाशी ठेवलं असा अर्थ होतो. घास उरला म्हणजे पोट भरलं.”

“मग महाराजांना सांगा की!”

“सांगितलं. म्हणाले, चिंचगडावर अर्थ माझाच चालतो.”

“आणि वकिलांना?”

“त्यांनाही सांगितलं. म्हणाले, एवढ्या भल्या यजमानाचा अपमान मी मेलो तरी करणार नाही.”

“अगं बाई! दोघेही एकाच माळेचे मणी.”

गाईचा घास रोज स्वयंपाकघरातूनच जायचा. दुसऱ्या दिवशी वेणूने त्याचा द्रोण पंगतीत आणला आणि वकिलाच्या पानाशेजारी ठेवला.

“आमच्याकडे पहिला घास गाईचा,” तिने दुभाष्याकरवी सांगितलं. “आधी काढून ठेवा, मग जेवा.”

वकिलाने प्रत्येक पदार्थातला घास काढला. मग तो जेवला. शेवटी त्याने द्रोणाकडे पाहिलं. समोर अन्न उरलेलं होतं. त्याने निवांतपणे पानातलं शेवटचं शीतही टिपून खाल्लं आणि छातीवर हात ठेवला.

राजे वाकून पान पाहू लागले. रंगभटाने डोळे मिटून घेतले.

“लख्ख आहे! पोरी, विनवलंस?”

“नाही, महाराज.”

“मग याचा तो घास गेला कुठे?”

“गाईला! पानात उरला तर तुमच्या रीतीने अपमान, नाही उरला तर त्यांच्या रीतीने. गाईला दिला, तर कुणाच्याच रीतीने नाही!”

राजे खो खो हसू लागले. हसता हसता त्यांनी आपल्या पानातलं न शिवलेलं कारलं हळूच त्या द्रोणात सरकवलं.

“महाराज,” वेणू म्हणाली, “कारल्याचा अर्थ मात्र गाईच्या देशातही कडूच आहे!”

राजांना हसून हसून ठसका लागला. रंगभटाची चूल कायम राहिली, वेणूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि चिंचगडच्या पंगतीतून कारलं त्याच दिवशी हद्दपार झालं.