चामखिळींची वेल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. माझ्या मावशीनं मला सांगितली तेव्हाही ती जुनीच होती. नावंही विचारू नका. गोष्ट तेवढी ध्यानात राहिली, नावं गेली.

एका गावात एक कोष्टीण राहायची. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक. दिवसभर मागावर लुगडी विणायची, आणि एक धागा जाडा आला तरी चार बोटं उसवून पुन्हा विणायची. त्या गावाची रीतच तशी होती. सासरी निघालेल्या लेकीला द्यायची वस्तू बिनडागी हवी. पोचा आलेलं भांडं नको, टिपका पडलेलं फळ नको. "डाग दिला तर डाग लागतो," असं म्हणायचे.

या कोष्टिणीच्या दारात पाण्याच्या घागरीत एक वेल होती. एकदा कुणी वाटसरू म्हातारी पाणी प्यायला थांबली होती, तिनं ती दिली. जाताना म्हणाली, "हिचा तुकडा जिथं रुजेल तिथं माणूस रुजेल." कसा रुजवायचा, ते काही बोलली नाही. शहाणी माणसं नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात!

वेल मोठी देखणी. हिरवीगार पानं, त्यांवर पिवळे शिंतोडे. खोट एकच. पानाचा देठ जिथं वेलीला चिकटायचा, तिथं एक तपकिरी चामखीळ असायची. कोष्टिणीला ती बघवत नसे.

लेकीतही तिला एकच खोट दिसायची. पोरगी सारखी प्रश्न विचारायची. "आई, मांजर डोळे मिटून दूध का पितं? विहिरीतलं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं?" आई म्हणायची, "बाई गं, सासरी जाशील तेव्हा ही सवय इथंच ठेवून जा. तिथं का आणि कसं बंद!"

लग्न झालं. आईनं वेलीवरचं सगळ्यात सुंदर पान निवडलं, चामखीळ टाळून देठाशी कापलं आणि पाणी घातलेल्या तांब्यात ठेवून लेकीच्या हातात दिलं. मागं उरलेला चामखिळीचा तुकडा वेलीला शोभेना, म्हणून तोही छाटून टाकला. लेकीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. आईनं डोळे वटारले. लेकीनं तोंड मिटलं.

म्हातारीचं बोलणं वऱ्हाडाबरोबर सासरी पोचलं होतंच. तांब्या खिडकीत बसला आणि सगळं गाव त्याच्याकडं डोळे लावून बसलं.

एक महिना गेला, दोन गेले. मूळ फुटेना. मेलं म्हणावं तर पान हिरवंगार, जगलं म्हणावं तर तसूभर वाढ नाही. शेजारीण म्हणाली, "उन्हात ठेव." समोरची म्हणाली, "उन्हात? करपेल की! अंधारात ठेव." तिसरी म्हणाली रोज पाणी बदल, चौथी म्हणाली पाण्याला हात लावशील तर खबरदार. बिचारीनं सगळ्यांचं ऐकलं. सकाळी तांब्या उन्हात, दुपारी कोनाड्यात, संध्याकाळी परत खिडकीत. पानाला काय वाटलं असेल देव जाणे, तिला मात्र काही म्हणजे काहीच समजेना.

सासू काही वाईट नव्हती हो. पण तिची थोरली सून दोन महिन्यांत माहेरी निघून गेली होती, ती परत आलीच नाही. सासूला त्याचीच धास्ती. एक दिवस तिनं विचारलं, "पोरी, तुझं मन लागत नाही का इथं?"

"लागतं की," ती म्हणाली. मग तिची नजर तांब्याकडं गेली. खरंच लागतं का? आपल्याला वाटतं लागलंय, पण पान तर वेगळंच सांगतंय. खरं कोण, आपण का पान? आपल्याच मनाचा भरवसा वाटेना झाला.

माहेरी निरोप गेला. आईनं दुसरं पान धाडलं, आधीपेक्षा नितळ. मग तिसरं, मग चौथं. इकडं कशालाच मूळ नाही, तिकडं घागरीतली वेल संपत आली. दिवाळीला माहेरी निघताना सासू म्हणाली, "या खेपेला रुजेल असं काहीतरी आण. नाहीतर मग बघू." त्या 'बघू'चा अर्थ ती वाटभर लावत राहिली.

घरी आली तर आई उंबऱ्याशी बसलेली. वीतभर वेल उरली होती, ती मांडीवर घेऊन चाकूनं चामखीळ खरवडत होती.

सहा महिने गिळलेले प्रश्न पोरीच्या घशाशी आले.

"आई, ते का काढतेस?"

"घाण दिसतं म्हणून."

"पण ते तिथं असतं कशाला?"

आईचा चाकू थांबला. हे तिनं कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"आणि आजवर छाटलेले कुठं टाकलेस?"

"न्हाणीमागं. कुठं टाकणार?"

पोरगी उठली आणि न्हाणीमागं गेली. तिथं सांडपाण्याच्या चिखलात, राखेच्या आणि नारळाच्या शेंड्यांच्या ढिगात, छाटलेले तुकडे पडले होते. प्रत्येक चामखिळीतून पांढरी मुळं निघून चिखलात घुसली होती. शेजारीच कोवळा कोंब, त्याला गुंडाळी करून बसलेलं नवं पान. काही वेली तर न्हाणीच्या भिंतीवर चढल्याही होत्या.

आई मागून आली. बघितलं आणि वाकून एका पांढऱ्या मुळाला बोट लावलं.

"अगं बाई! मी मुळंच खरवडत होते की गं. तुला बिनमुळाची पाठवली." मग डोळे पुसत म्हणाली, "आणि तुझीही चामखीळ मीच खरवडली. ने बाई, तुझे प्रश्नही घेऊन जा."

गावच्या रीतीत पहिल्यांदाच एका आईनं लेकीला डागाची वस्तू दिली. चिखलानं माखलेला, खडबडीत तुकडा.

सासूनं तो पाहून नाक मुरडलं. "हे काय गं आणलंस?"

"मूळ आणलंय," सून म्हणाली. "आत्याबाई, एक विचारू? थोरल्या जाऊबाई का गेल्या?"

सासू म्हणाली, "मला आजवर कुणी विचारलंच नाही. ती विचारायची गं, असंच, सारखं. मीच तिला गप्प बसवलं." आणि पदर तोंडाला लावून रडली. पोरगी तिच्या शेजारी बसून राहिली. मन लागलंय का नाही, हे त्या दिवशी तिला कुठल्या पानाला विचारावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी दसरा यायच्या आत वेल दारावर चढली. थोरली सूनही एकदा येऊन गेली, जाताना वेलीचा तुकडा घेऊन. आणि त्या गावात अजूनही लेकीला वेल देताना आधी चामखीळ बघतात, मग पान.

तुम्ही तिलाच मनीप्लांट म्हणता ना? आणि नुसतं पान बाटलीत खोचून मुळांची वाट बघत बसता. बसा!

तात्पर्य: ज्याला आपण डाग म्हणून छाटून टाकतो, पुष्कळदा तिथूनच मूळ फुटणार असतं.