गरुडराव वेळेवर निघतात

विमानं धावपट्टीशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. गरुडराव नावाचं मालवाहू विमान पोटात आंब्याच्या पेट्या ठासून वैशाखातल्या भर दुपारी निघालं. उशीर करणं फक्त बैलगाड्यांना शोभतं, असं त्याचं ठाम मत होतं.

“अरे बाळा, उन्हानं हवा विरळ झालीय,” धावपट्टीमावशी म्हणाली. “पंखांना आधार मिळायचा नाही. निम्म्या पेट्या उतरव, नाहीतर ऊन कलेपर्यंत थांब. माझ्यापुढे नुसत्या बाभळी आहेत.”

“मावशी, आमच्या घराण्यात कुणी हवेला विचारून निघत नाही!”

गरुडराव जीव तोडून धावले. हवेला मात्र त्यांचं घराणं ठाऊक नव्हतं. धावपट्टी संपली, तरी चाकं जमिनीवरच होती.

बाभळीत दोन्ही पंख मोडून, आमरसात न्हाऊन निघालेले गरुडराव ऐटीत म्हणाले, “पण मावशी, निघालो की नाही वेळेवर?”