द्वारकीची हाक

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका, आमच्या आजोबांच्या आजोबांनाही नेमकं सांगता आलं नसतं. आडखोलच्या किनाऱ्यावर तेव्हा माड थोडे होते आणि माणसं त्याहून थोडी. गावात वाड्या दोनच. दक्षिणेला वाळूच्या दांड्यावर राहायचे ते दांड्याचे, आणि उत्तरेला खाडीच्या तोंडाशी राहायचे ते खाडीचे. दोन्ही वाड्यांची देवी एक, मसणवटा एक आणि रापणही एकच.

आता रापण म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकत न्यायचं. त्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे. एका दोराला इकडची माणसं लागायची, दुसऱ्या दोराला तिकडची, आणि ओढत ओढत ते जाळं वाळूवर घ्यायचं. ओढ दोन्हीकडून सारखी हवी, नाहीतर जाळं पिळतं आणि मासळी निसटून जाते. म्हणून दोन दोरांवरची माणसं सारखी एकमेकांना हाका मारत असतात. त्यातून आडखोलची रापण आणखी अवघड, कारण उत्तरेच्या दोराच्या पुढ्यात काळ्या दगडाचं मोठं खडप आहे. खाडीच्या माणसांना त्याच्यामुळे समुद्रातलं जाळं दिसतच नाही. दांड्याच्यांनी बघायचं आणि ओरडून सांगायचं, खाडीच्यांनी ऐकायचं आणि ओढायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं.

आणि मग एका शिमग्याला दोन वाड्यांचं वाजलं.

झालं काय, तर होळीचं झाड खांद्यावर नाचवत आणताना पडलं. खांदा आधी कोणी काढला? दांड्याचे म्हणाले खाडीच्यांनी, खाडीचे म्हणाले दांड्याच्यांनी. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो बाबांनो, एवढ्यावरूनच! मोठ्या भांडणाला मोठं कारण लागतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? दोन्ही वाड्यांनी देवीपुढे नारळ ठेवले आणि शपथ घेतली, की समोरच्याशी एक शब्द बोलायचा नाही. ज्याची जीभ आधी सुटेल त्याची वाडी खोटी.

पण पोट तर शपथ घेत नाही ना. जाळं दोन्ही वाड्यांनी मिळून विणलेलं, अर्धं यांचं, अर्धं त्यांचं, आणि एकट्या वाडीला ते ओढायचं म्हटलं तर हाडं मोडतील. म्हणून रापण चालू राहिली. रोज सकाळी सगळे यायचे, आपापला दोर धरायचे आणि मुकाट्याने ओढायचे. मासळी कमी मिळायला लागली, जाळं फाटायला लागलं, तरी कोणी तोंड उघडलं नाही. असं म्हणतात की त्या दिवसांत आडखोलच्या किनाऱ्यावर कावळेसुद्धा बसेनासे झाले.

खाडीच्या वाडीत द्वारकी नावाची एक विधवा राहायची. माहेर तिचं दांड्यावर. दोन मुलगे तिला, थोरला रवळू आणि धाकटा धाकू. रवळू पाण्यातला माणूस. जाळं ओढलं जात असताना त्याच्या पोटाशी पोहत राहायचं, बुडी मारून जाळं तळाला टेकलंय की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. जाळ्यात पाय अडकला तर तो हात वर करायचा. मग दांड्याच्यांनी ‘थांबा’ म्हणून हाक द्यायची आणि दोन्ही दोर एकदम सैल सोडायचे. धाकू खाडीच्या दोरावर सगळ्यांत पुढे असायचा. आणि दांड्याच्या दोरावर सगळ्यांत पुढे असायचा सातू, द्वारकीच्या सख्ख्या भावाचा मुलगा. लहानपणी आई आजारी म्हणून हा सातू द्वारकीच्याच मांडीवर वाढलेला.

द्वारकी देवमाणूस होती असं कोणी समजू नका. शपथ झाली त्या दिवसापासून तिनेही माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. विहिरीवर भाऊ दिसला तर ती घागर उचलून दुसऱ्या वाटेने जायची. सगळा गाव वागत होता तशीच तीही वागत होती.

एका सकाळी रापण ओढणं चाललं होतं. पाण्यात रवळूचा हात वर आला.

सातूने तो पाहिला. नीट पाहिला. ‘थांबा’ म्हणायला तोंडही उघडलं त्याने, आणि पुन्हा मिटलं. बोलायचं कसं? वाडी खोटी पडली असती! पण मामेभाऊ होता तो रवळूचा, काहीतरी तर करायला हवं, म्हणून त्याने आपला दोर सैल सोडला आणि मागच्यांनाही सोडायला लावला. आपलं काम झालं असं त्या वेड्याला वाटलं. तिकडे खडपाआड खाडीच्यांना काय कळणार? त्यांना एवढंच कळलं की दोर एकदम हलका लागतोय. आज दांड्याचे दमले, असं म्हणून त्यांना चेव चढला आणि त्यांनी जीव खाऊन ओढलं. सगळ्यांत जास्त जोर धाकूने लावला. एक बाजू सैल आणि एक बाजू ताणलेली, जाळं पाण्यात गुंडाळत गेलं आणि त्याच्या आत रवळू.

जाळं वाळूवर आलं तेव्हा धाकूनेच ते उलगडलं. पुढचं मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. द्वारकी टोपली घेऊन मासळी गोळा करायला आली होती, ती टोपलीसकट तिथेच बसली.

हात वर आलेला दांड्याच्या बायकापोरांनीही पाहिला होता. असली गोष्ट झाकून राहते होय? दिवसकार्य होईतो खाडीच्या घराघरात झालं होतं, की सातूने बघितलं आणि हाक मारली नाही. तेराव्याला दांड्यावरचं कोणी आलं नाही. धाकू त्या दिवसापासून अन्न घेईना. दारातल्या दगडावर बसून तो कोयतीला धार लावायचा. धार लागली तरी लावतच राहायचा. दांड्यावर सातूच्या घरच्यांनीही कोयत्या बाहेर काढल्या. जाळं वाळूवर तसंच पडून राहिलं, कोणी हात लावेना. घरातली सुकी मासळी संपली, पोरं खडपावरची कालवं फोडून खायला लागली. द्वारकीला सगळं दिसत होतं. एक मुलगा समुद्राने नेला, दुसरा आता फासावर जाणार किंवा कोयतीखाली, आणि त्याच्या हातून मरणार तो सातूही तिच्याच मांडीवर वाढलेला. रडायलाही तिला उसंत मिळाली नाही बिचारीला.

एके दिवशी भर दुपारी ती उठली आणि सगळ्या गावादेखत दांड्यावर गेली. सातू ओट्यावर बसला होता. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि शपथ मोडून तीच आधी बोलली.

“हात बघलंस तू?”

“बघलंय, आते.”

“मगे हाक कित्याक नाय मारलंस?”

“मी दोर सैल सोडलंय गो. माका वाटला, तेवढा पुरे. बोलणा बंद होता ना.”

द्वारकीने त्याला शिवी दिली नाही की शाप दिला नाही. “मी तरी खय बोललंय तुमच्याशी,” एवढंच म्हणाली. मग त्याला सांगितलं, की उद्या सकाळी दोरावर ये.

घरी येऊन तिने धाकूलाही तेच सांगितलं. तो चवताळला. “आये, माका अडवू नको.”

“अडवूचंय नाय. पण आधी एकदा दोर धर. माका बाहेर काढ, मगे काय करूचा ता कर.”

माका बाहेर काढ म्हणजे काय, ते धाकूला त्या वेळी समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वाड्या किनाऱ्यावर जमल्या. द्वारकीने जाळ्याला हात लावू दिला नाही. दोन्ही दोरांची एकेक टोकं वाड्यांच्या हातात देऊन नुसते दोर तिने होडीत घेतले आणि म्हाताऱ्या तांडेलाला होडी हाकारायला लावली. निघताना ती दोन्ही वाड्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “माझो एक झील तुमच्या गप्प ऱ्हवण्यात गेलो. दुसरो मी देवचंय नाय!”

लाटांच्या पलीकडे गेल्यावर तिने दोन्ही दोरांची दुसरी टोकं स्वतःच्या कमरेला बांधली. तांडेल रडत होता, नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही. जिथे रवळूचा हात वर आला होता तिथेच तिने उडी टाकली.

आता बघा. उत्तरेला खडप, दक्षिणेला दांड्याच्या टोकाशी भोवरा, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीच्यांनी जास्त ओढलं तर बाई खडपावर आपटणार, दांड्याच्यांनी जास्त ओढलं तर भोवऱ्यात जाणार, आणि कोणीच ओढलं नाही तर बुडणार. पोहायची म्हटली तर दोन दोरांचं ओझं कमरेला. मुकाट्याने ती बाहेर येणं शक्यच नव्हतं. हे तिने जाणूनबुजून केलं होतं.

सुरुवातीला दोन्हीकडच्यांनी मुकाट्यानेच ओढलं. हो, तेव्हाही! सवय किती वाईट असते बघा. द्वारकी एकदा खडपाकडे फेकली गेली, एकदा भोवऱ्याकडे. पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. असं म्हणतात की त्या वेळी वारा थांबला, लाटा जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि सगळ्या समुद्रात फक्त त्या दोन दोरांची करकर ऐकू येत होती. खडपाआड धाकू दोर धरून उभा होता. त्याला आई दिसत नव्हती. दोराला हिसका बसत होता, आणि तो हिसका कसला ते त्याला समजत नव्हतं. याच हातांनी त्याने भावाला ओढून मारलं होतं. ओढावं की सोडावं?

आणि तो ओरडला. ज्याच्यासाठी कोयती परजली होती त्याचंच नाव घेऊन ओरडला.

“सातू! आये खय आसा रे? दिसता?”

खडपापलीकडून लगेच उत्तर आलं, जसं काही ते इतके दिवस घशातच अडकून होतं. “दिसता! खडपाकडे येता! ढील दी, धाकू, ढील दी!”

मग काय विचारता! सातूच्या मागचा ओरडला, धाकूच्या मागचा ओरडला, बायका ओरडल्या, पोरं ओरडली. कोणी कोणाला नावाने हाका मारतंय, कोणी ‘ओढा’ म्हणतंय, कोणी ‘थांबा’ म्हणतंय. शपथ कुठल्या कुठे गेली. असं म्हणतात की तो आवाज खाडीपलीकडच्या तीन गावांनी ऐकला आणि तिथले लोक आडखोल बुडालं असं समजून टेकडीवर पळाले. दोन्ही दोर एका चालीने सरकायला लागले. ना खडपाकडे, ना भोवऱ्याकडे, द्वारकी सरळ रेषेत वाळूच्या पट्टीवर आली. ती लाटेवर उभी राहून आली असंही सांगणारे आहेत.

धाकूने डोक्याकडून उचललं, सातूने पायांकडून. दोन्ही दोर तिच्या कमरेत इतके रुतले होते की गाठी दिसत नव्हत्या. वाळू लाल झाली होती. ती जिवंत होती, पण काही राहिलं नव्हतं तिच्यात. तिने डोळे उघडून दोघांकडे पाहिलं.

“हीच हाक त्या दिवशी मारूक होई होती रे,” ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत गेली. मायेने बोलली की रागाने, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. मला विचाराल तर रागाने. तिचा राग खरा होता आणि तो तिने कोणापासून लपवला नाही.

धाकूच्या कोयतीचं पुढे काय झालं कोणाला माहीत नाही. त्याने सातूला माफ केलं असंही कोणी म्हणत नाही. तो सातूच्या घरी कधी जेवला नाही, सातूच्या पोरीच्या लग्नालाही गेला नाही. पण दोघांचे केस पिकेपर्यंत, दोन दोरांवर पुढे उभं राहून, ते रोज सकाळी एकमेकांना नावाने हाक मारत राहिले. सातूने आधी, धाकूने मागून. त्यांच्या हाकांवर रापण ओढली गेली आणि त्यानंतर आडखोलच्या जाळ्यात माणूस मेला नाही. मासळी तर एवढी आली, की वाळूवर पाय ठेवायला जागा उरत नसे, असं म्हणतात.

आजही आडखोलला नारळी पुनवेनंतर पहिली रापण लागते तेव्हा जाऊन बघा. दोर हातात घेण्याआधी प्रत्येक जण समोरच्या दोरावरच्या एकाचं नाव घेऊन हाक मारतो. कोणाचंही नाव घेऊन भागत नाही. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याचंच घ्यावं लागतं. आणि त्याला ‘ओ’ द्यावीच लागते. एकाची जरी ‘ओ’ आली नाही, तरी जाळं त्या दिवशी वाळूवरच राहतं, मग घरात चूल पेटो न पेटो.

सगळ्यांच्या हाका होऊन गेल्या की दोन्ही वाड्या मिळून समुद्राकडे तोंड करून शेवटची हाक मारतात, “द्वारकी आये गो!” आणि थांबतात. लहान पोरंसुद्धा गप्प उभी राहतात. एक लाट येऊन परत जाईपर्यंत सगळा किनारा वाट बघतो. उत्तर येत नाही. मग दोराला हात लावतात.