अक्षतेचा शेवटचा दाणा

एका राज्यातली जादू एकदा एका सकाळी संपली. कशी संपली, हे कोणालाच कळले नाही. मंत्राने उभा असलेला नदीवरचा पूल त्याच सकाळी कोसळला. तो पूल उभारणाऱ्या वृद्ध गुरूंचा एक शिष्य होता. त्याची अक्का पैलतीरावर अडकली. नदीला ओढ अशी, की नाव टिकत नसे. अक्का तिकडून हात हलवी, पण तिचे शब्द पोचत नसत.

गुरूंनी आसन गुंडाळले आणि सत्तरीत हाती छिन्नी धरली. शिष्यही नव्या पुलासाठी दगड घडवू लागला. प्रत्येक दगड उचलताना तो सवयीने भार हरण्याचा मंत्र पुटपुटे. दगड मात्र होता तेवढाच जड राही. अशी सात वर्षे गेली. एक कमान तेवढी बांधायची उरली.

तेव्हा एक व्यापारी आला. त्याच्या डबीत मंत्रसिद्ध अक्षतेचा एकच दाणा होता, राज्यातला अखेरचा. "महाराज, एका कामापुरती शक्ती आहे यात," तो म्हणाला. "तुमच्या पुलावरून माझी वरात गेली होती. तुम्हीच ठेवा."

शिष्याचे डोळे भरून आले. आज अक्का भेटणार होती. गुरूंनी दाणा घेतला, दगड वाहणाऱ्या गाढवापाशी गेले आणि त्याच्या पाठीवरच्या चिघळलेल्या जखमेवर तो ठेवला. जखम भरून आली.

"गुरुजी, माझी बहीण तिकडे आहे," शिष्याचा आवाज चढला, "आणि तुम्ही तो गाढवावर घालवलात?"

"त्या जखमेला सगळे पाले लावून झाले. तिथे आपले हात हरले होते," गुरू म्हणाले. "कमानीपुढे हरलेत का? अरे, माझा पूल पडला तेव्हा त्यातला एकही दगड कसा बसवायचा, हे मलाच ठाऊक नव्हते. फार लाज वाटली होती. तुझ्या अक्काला पुन्हा तसल्या कमानीवरून आणू?"

 रागातच शिष्याने दगड उचलला. मंत्र पुटपुटायचे मात्र राहून गेले.

चार महिन्यांनी कमान जुळली. अक्का आली, मध्यावर थांबली आणि तिने पाय आपटून पाहिला. "कोणत्या मंत्राचा रे हा?"

"कोणत्याच नाही," शिष्य ताठ मानेने म्हणाला. "तू उभी आहेस तो दगड जरा तिरका बसलाय. तो माझा. हलला, तर मला बसवता येतो."

गुरूंनी ते मागून ऐकले. आपल्या जुन्या पुलाविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत. त्या तिरक्या दगडाविषयी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत असत.