जाईची खाज जाईना

जाई एवढीशी. जाईचा पाय त्याहून एवढासा.

जाई घरापुढच्या खळ्यात बसली होती. शंख मांडत होती. तेवढ्यात एक डास आला. गुणगुण, गुणगुण. जाईच्या पायावर बसला. टुच्च.

रक्ताचा एक थेंब घेऊन उडाला. विचारलंसुद्धा नाही.

पायावर उठली गांध. लाल लाल, गोल गोल. खाज सुटली. खाजवलं, तर आणखी सुटली. आणखी खाजवलं, तर आणखीच सुटली.

जाई निघाली आईकडे. दुडू दुडू, दुडू दुडू.

आई मासे साफ करत होती. खर्रर्र, खर्रर्र.

"आई आई, पाय धू. जाईची खाज जाईना."

"धुते हं. पण माझे हात माशाचे. काकूने पाणी दिलं, की हात धुते, मग पाय धुते. आणि खाजवू नको हं."

जाईने हात मागे घेतला. हात नुसता शिवशिवत होता.

जाई निघाली काकूकडे. दुडू दुडू, दुडू दुडू.

काकू विहिरीवर उभी होती. हातात नुसता दोर.

"काकू काकू, पाणी दे. आई पाय धुईना, जाईची खाज जाईना."

"देते हं. पण कळशी कुठंय? ताईने कळशी दिली, की पाणी देते. आणि खाजवू नको हं."

जाईने हात मागे घेतला. म्हणायला यांचं काय जातं?

जाई निघाली ताईकडे. दुडू दुडू, दुडू दुडू.

ताई कळशीत डोकावत होती. कळशीत होता एक इवला मासा. बुळुक, बुळुक.

"ताई ताई, कळशी दे. काकू पाणी देईना, आई पाय धुईना, जाईची खाज जाईना."

"देते हं. पण माझा मासा कुठं राहील? काकाने बादली दिली, की कळशी देते. आणि खाजवू नको हं."

जाईने दोन्ही हात मागे घेतले. जाई वैतागली. पाय जाईचा, आणि घर शोधायचं माशासाठी.

जाई निघाली काकाकडे. दुडू दुडू, दुडू दुडू.

काका जाळं विणत होता. बादली उलटी घालून तिच्यावरच बसला होता.

"काका काका, बादली दे. ताई कळशी देईना, काकू पाणी देईना, आई पाय धुईना, जाईची खाज जाईना."

"देतो हं. पण मी बसू कुठं? बाकावर आजोबा झोपलेत. आजोबा उठले, की मी बाकावर बसतो, मग बादली देतो. आणि खाजवू नको..."

"हं," जाई म्हणाली. तिला पाठ झालं होतं.

जाई निघाली आजोबांकडे. आता दुडू दुडू नाही. धप धप, धप धप.

आजोबा बाकावर आडवे. डोळे मिटलेले. घुर्रर्र, घुर्रर्र.

जाईने कंबरेवर हात ठेवले. मोठा श्वास घेतला.

"आजोबा आजोबा, उठा. काका बादली देईना, ताई कळशी देईना, काकू पाणी देईना, आई पाय धुईना, जाईची खाज जाईना."

आजोबांना ऐकू येई अर्धं. त्यांच्या कानात शिरलं एवढंच, खाज.

"खाजां? जत्रेतला?" आजोबा म्हणाले. डोळे मिटलेलेच. गुळाचं गोड गोड खाजं त्यांना फार आवडायचं. "माका दी आधी. मगे उठतंय."

आणि त्यांनी हात पुढे केला.

"खाजं नाही आजोबा. खाज."

"ताच ता. दी."

आता मात्र हद्द झाली. जाईने पाय उचलला. आजोबांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या."

आजोबांनी चाचपलं. खाजं गरम होतं. खाजं फुगलं होतं. खाज्याला पाच बोटं होती.

आजोबांनी डोळे उघडले. गांध बघितली. इतका वेळ हिंडली जाई, पण पाय बघितला तो आजोबांनीच.

"अगो बाय माझ्या," आजोबा म्हणाले. आणि ताडकन उठले.

आजोबा उठले, काका बाकावर बसला.

काका बाकावर बसला, बादली ताईला मिळाली.

ताईला बादली मिळाली, मासा बादलीत गेला. बुळुक.

मासा बादलीत गेला, कळशी काकूला मिळाली. विहिरीत सोडली. बुडुक बुडुक बुडुक.

काकूने पाणी दिलं, आईने हात धुतले. मग साबण लावून जाईचा पाय धुतला. फस फस, फस फस. गार पाण्याचा फडका गांधेवर ठेवला. ताईने जाईची नखं कापली. कुट कुट, कुट कुट.

खाज थोडी गेली. अजून थोडी गेली. मग गेलीच.

"गेली," जाई म्हणाली.

पण आता सगळ्यांना पाय बघायचा होता. काका म्हणाला, "बघू बघू." काकू म्हणाली, "अजून एक फडका." ताई म्हणाली, "मी फुंकर घालते." आजोबा म्हणाले, "माका नीट बघूं दी."

जाई थांबली. बराच वेळ थांबली.

आजोबा हटेनात, काका सरकेना, ताई फुंकर थांबवीना, काकू फडका काढीना, आई पाय सोडीना.

"झालं आता," जाई म्हणाली. "माझा पाय मला द्या."

तिने पाय ओढून घेतला. आणि गेली शंख मांडायला. दुडू दुडू, दुडू दुडू.

दोन्ही पाय घेऊन.